नावाचा टेकू

तितीनाला वाटेत कुणी नुसतं 'बरी आहेस ना' म्हणून विचारलं, तरी उत्तरात तिचा मुलगा हजर व्हायचा. गुडघे फार दुखतात गं, पण आन्येल्लोने नेपल्सहून मलम पाठवलंय. द्राक्षांवर यंदा रोग आहे, पण आन्येल्लोला बंदरात मोठ्या क्रेनवर घेतलंय. लाक्को गावातली माणसं तिला काही विचारण्याआधी पळवाट हेरून ठेवायची. तिचं बाप्तिस्म्याचं नाव रेस्तितूता, गावच्या संतिणीचं. पण ते नाव इथे दर तिसऱ्या बाईला आहे, म्हणून आम्ही सगळे तिला तितीनाच म्हणतो.

तिच्या बढाईला कारण होतं, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या बेटावर पहिला मुलगा झाला की त्याला बापाच्या बापाचं नाव द्यायचं. याला टेकू देणं म्हणतात. वेल म्हातारा झाला की खाली काठी लावून त्याला उभा ठेवतात ना, तसंच. हा टेकू चुकवला तर सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड पाहत नाहीत आणि मृत्युपत्रं बदलतात. तितीनाचा सासरा आन्येल्लो मात्तेरा. त्याला मुलगा एकच, वीतो. म्हणजे म्हाताऱ्याच्या नावाची सगळी भिस्त त्या एकावर आणि त्याच्या बायकोवर.

तितीना वीस वर्षांची असताना त्या घरात आली. पहिलं वर्षभर सासूने तिला धारेवर धरलं. पाव जाड कापते, मोठ्याने हसते, माहेरहून आणलेल्या चादरी विरळ आहेत, एक ना दोन. मग बावन्न सालच्या सप्टेंबरात, ऐन द्राक्षतोडणीत, मुलगा झाला. सासरा मळ्यातून अनवाणी धावत आला. जमलेल्या बायांसमोर त्याने सुनेचे दोन्ही हात ओठांना लावले आणि स्वतःच्या गळ्यातली साखळी काढून तिच्या गळ्यात घातली. "पोरी, माझं नाव तू उभं केलंस," म्हणाला. त्याच संध्याकाळी सासूने वाइनच्या कोठीची किल्ली आणून तिच्या उशाशी ठेवली. पुढे तितीनाला दोनदा दिवस गेले आणि दोनदा पोट पडलं. पण त्या एका टेकूवर तिने चौतीस वर्षं ताठ मानेने काढली. कुणी वाकडं बोललं की ती पदरासारखा गळ्यावर घेतलेला रुमाल बाजूला करून साखळी दाखवायची.

वीतो हा माणूस शब्दाला महाग. बेटावरून नेपल्सला जाणाऱ्या बोटीवर तो खलाशी होता. धक्का आला की दोर फेकायचा, धक्का सुटला की ओढायचा. सकाळी जायचा, संध्याकाळी परत. "आमच्या ह्यांनी लग्नानंतर एक रात्र बाहेर काढली नाही," हेही तितीना गावभर सांगत असे. ती स्वतः नेपल्सला आयुष्यात तीनदाच गेली, तीनही वेळा इस्पितळात. कधी तिने हौसेने चल म्हटलं तर वीतो म्हणायचा, "काय बघायचंय तिथे? गोंगाट आणि चोर." तिला ते पटायचं. नवऱ्याचं न पटायला तिच्याकडे कारणच नव्हतं.

मुलगा मात्र नेपल्सलाच गेला, बंदरात कामाला लागला, तिथेच खोली घेऊन राहिला. चौतिशी आली तरी लग्नाचं नाव काढेना. पण दर रविवारी बरोबर बारा वाजता त्याचा फोन यायचा. तितीना पास्त्याचं पाणी चुलीवर चढवायची आणि फोनशेजारी खुर्ची ओढून बसायची.

सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये एक रविवार फोन आला नाही. पाणी आटून भांडं करपलं. दुसऱ्या रविवारीही आला नाही. तेव्हा तिने मुलाच्या घरमालकिणीला फोन लावला. ती बया म्हणाली, "आठ दिवस झाले, झोपायलासुद्धा येत नाही. मला कशाला विचारता? त्याची आई मी आहे का तुम्ही?"

तितीना वीतोकडे गेली. तो अंगणात टोपली विणत बसला होता. "येईल फोन," तो म्हणाला. "पोरगा चौतीस वर्षांचा आहे. अंगावर पीत नाही."

"तू जाऊन बघून ये."

"दोन वर्षं झाली मला निवृत्त होऊन. आता त्या बोटीवर पाय ठेवणार नाही म्हणून सांगितलंय ना?"

"मग मी जाते."

वीतोने वर पाहिलं. "कशाला जातेस," एवढंच म्हणाला, आणि पुन्हा टोपलीत मान घातली.

तितीनाने सोमवारी ससा मारला. मातीच्या भांड्यात वाइन, टोमॅटो आणि रानओवा घालून तो शिजवला, भांड्याचं तोंड कणकेने लिंपलं आणि मंगळवारी पहाटे ते गाठोड्यात बांधून सातच्या बोटीत चढली. आई मुलाकडे रिकाम्या हाताने जात नाही, मग तो मेला असो की जिवंत असो. हे दुसरं मनात आल्याबरोबर तिने स्वतःच्या गालात चापटी मारून घेतली.

बोटीवरचे खलाशी वीतोच्या हाताखाली शिकलेले. त्यांनी तिला आतली, वारा न लागणारी जागा दिली आणि कॉफी आणून दिली. त्यातला थोराड पास्काले समोर येऊन उभा राहिला.

"मावशी, आज एकट्याच? काकांनी सोडलं कसं?"

"मला काय दावणीला बांधलंय?"

"तसं नाही. पण काका तुम्हाला कधी घेऊन गेले नाहीत ना, म्हणून म्हटलं." तो टोपी काढून डोकं खाजवू लागला. "जायचंय कुठे?"

"मेर्कातो पेठेत. आन्येल्लोच्या खोलीवर."

पास्कालेने टोपी पुन्हा घातली, खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाला, "मेर्कातोत आज गर्दी असेल मावशी. धक्क्यावरच थांबा, मी त्याला निरोप धाडतो."

"मला पाय आहेत," तितीना म्हणाली. पास्काले निघून गेला. बोटीवरची माणसं नको तेव्हा मधे मधे करतात, एवढंच तिच्या मनात आलं.

साडेआठला बोट नेपल्सला लागली. गाठोडं छातीशी धरून तितीना उतरली आणि मुलाचा पत्ता असलेलं पाकीट दाखवत, विचारत विचारत चालू लागली. मेर्कातोच्या तोंडाशी एका भिंतीवर मरणाच्या जाहिराती चिकटवलेल्या होत्या. आपल्या गावातही असतात तशाच. काळी चौकट, वर क्रूस, मधे नाव. नवी दिसली की थांबून क्रूस करायचा, हा लहानपणापासूनचा शिरस्ता. तितीना दोन इयत्ता शिकलेली. बारीक अक्षर तिला लागत नसे, मोठी छापील अक्षरं तेवढी जुळवता येत. खळ अजून ओली असलेल्या एका कागदासमोर ती थांबली आणि सवयीने अक्षरं जुळवू लागली.

आन्येल्लो मात्तेरा.

तिने पुन्हा पहिल्यापासून जुळवलं. पुन्हा तेच झालं. मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिचा तिलाही ओळखता आला नाही. ती भिंतीला घसटत खाली बसली, गाठोडं मांडीत आलं, आणि ती कागदाकडे बोट करून नुसतीच "माझा, माझा" करत राहिली.

भिंतीलगत एक जाडी बाई छोट्या टेबलावर चोरटी सिगारेट विकत बसली होती. ती आधी ओरडली, "अगं ए, टेबल पाडशील माझं!" मग हिची दशा पाहून उठली. हिच्या तोंडावर पाणी मारलं, पाठ चोळली. "कोण गं तू? कुठून आलीस?"

"बेटावरून. माझा मुलगा. तो माझा मुलगा आहे."

"कोण, हा?" सिगारेटवालीने जाहिरातीकडे पाहिलं. "बाई, तुझं काहीतरी चुकतंय. ह्याची आई तिकडे वर घरात आहे. सकाळपासून रडून रडून घसा बसलाय तिचा."

"आई मी आहे!"

"थांब, थांब." तिने केसांत खोचलेला चष्मा नाकावर ओढला आणि जाहिरात मोठ्याने वाचायला लागली. चार माणसं गोळा झाली. "आन्येल्लो मात्तेरा. वय वर्षं अडतीस."

"चौतीस," तितीना म्हणाली.

"अडतीस लिहिलंय. 'दीर्घ आजारानंतर प्रभूच्या घरी गेला. दुःखी आई कार्मोसीना...' तुझं नाव कार्मोसीना?"

"तितीना."

"मग बघ!"

तितीनाने तिचे दोन्ही हात धरले. दुसराच कुणी! आमच्या बेटावर मात्तेरा काय, दगड उचलला तरी सापडतात. त्यातले किती नेपल्सला येऊन राहिले असतील. कुणा परक्या बाईचा आन्येल्लो मेला होता आणि तिचा जिवंत होता. ती रडता रडता हसायला लागली. परक्याच्या मरणावर हसते म्हणून तिने पटकन क्रूसही केला. सिगारेटवालीच्या गालांचे तिने मटामटा मुके घेतले.

"बरं बरं," सिगारेटवाली म्हणाली. "एवढं वाचून तर होऊ दे. 'दुःखी आई कार्मोसीना, पत्नी लुचिया, भाऊ आन्येल्लो...'" ती थबकली. "हे काय? भाऊही आन्येल्लो? घरात संतांचा दुष्काळ पडला होता काय?"

गोळा झालेली माणसं हसली. त्यातला एक म्हाताराही हसत म्हणाला, "अगं, तो उंच पोरगा. क्रेनवाला. त्यानेच तर रात्रंदिवस बसून सेवा केली. बेटावरचा आहे."

हसू एकेकाच्या तोंडावरून उतरलं. सिगारेटवालीने चष्मा काढला. ती तितीनाकडे बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांत कीव आली. ती कीव तितीनाला थोबाडीत मारल्यासारखी लागली.

तितीना अडाणी होती, पण टेकूचा हिशेब तिला कुणी शिकवायला नको होता. एका आईच्या पोटी एका नावाचे दोन मुलगे होत नाहीत. एका बापाचे होऊ शकतात. पहिला मुलगा झाला तेव्हा बापाने आजोबाचं नाव दिलं. मग दुसऱ्या बाईला पहिला मुलगा झाला तेव्हा पुन्हा तेच दिलं, कारण पहिल्याबद्दल घरी कुणाला सांगायची सोय नव्हती. अडतीस आणि चौतीस. ज्या वाक्याने तिचा मुलगा तिला जिवंत परत दिला, त्याच वाक्याने बाकीचं सगळं काढून घेतलं. तिला रडू येईना.

"घर कुठे त्यांचं?" तिने विचारलं.

"नको जाऊस," सिगारेटवाली म्हणाली. मग तिचं तोंड पाहून शेजारच्या माणसाला टेबल सांभाळायला सांगितलं आणि हिच्या काखेत हात घातला. "चल. तिसरा मजला आहे. सावकाश चढ."

दाराची एक फळी लोटलेली होती, सुतकाच्या घरी असते तशी. आत काळ्या कपड्यांतल्या बाया भिंतीला लागून बसल्या होत्या. तितीना उंबऱ्यात उभी राहिली. तिच्या छातीशी ते गाठोडं होतं, आणि सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारचे, सोयरेधायरे जेवण घेऊन येतात. दोन बाया लगबगीने उठल्या. एकीने तिच्या हातातून भांडं घेतलं, दुसरीने तिच्या दोन्ही गालांना गाल लावले.

"बेटावरून आलात ना? वासावरून कळलं. ससा! देव तुमचं भलं करो. पोरीने दोन दिवस घास घेतलेला नाही."

"अहो, ते..." तितीना म्हणाली. तेवढ्यात भांडं स्वयंपाकघरात गेलंसुद्धा. आपल्या मुलासाठी शिजवलेला ससा सवतीच्या सुनेच्या ताटात वाढला जाणार, आणि आपण त्यावर 'देव भलं करो' असे आशीर्वाद घेत उभ्या आहोत, हे तिला कळत होतं. पण परत द्या म्हणायला तोंड उघडेना.

आतल्या खोलीतून तिचा आन्येल्लो बाहेर आला. दाढी वाढलेली, दंडाला काळी पट्टी, डोळे सुजलेले. आईला पाहून तो जागच्या जागी खिळला.

"आई? तू इथे कशी?"

तितीनाने सरळ पुढे जाऊन त्याच्या मुस्काटात दिली. मग त्याला अशी गच्च मिठी मारली की तो कळवळला. भिंतीलगतच्या बायांनी माना हलवल्या. दुःख माणसाला काय काय करायला लावतं, असं त्यांच्यातली एक म्हणाली.

"जिवंत आहेस," तितीना त्याच्या छातीत तोंड खुपसून म्हणाली. "भिंतीवर नाव वाचलं मी, मेल्या. तुझं नाव."

"तुझी शपथ, मला सुचलंच नाही. तू कधी इथे येशील असं डोक्यातच आलं नाही."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

तो खाली बघत राहिला. "दोन वर्षं झाली. बंदरात नव्या माणसांची हजेरी घेत होते. मुकादमाने आन्येल्लो मात्तेरा म्हणून हाक मारली आणि आम्ही दोघे उठलो. सगळे हसले. आम्हीही हसलो. मग त्याने मला विचारलं, तुझ्या बापाचं नाव काय."

"आणि मला सांगितलं नाहीस. दर रविवारी बोलत होतास. पास्ता शिजला का, गुडघे कसे आहेत!"

"काय सांगणार होतो, आई? फोनवर?" त्याने आतल्या खोलीकडे पाहिलं. "चांगला माणूस होता गं. मला कधी भाऊ नव्हता."

ती दोनदा पोट पडलेली बाई. भाऊ तिनेच त्याला दिला नव्हता.

"तुझ्या बापाला ठाऊक आहे हे?" तिने हळूच विचारलं.

"मी त्यांना विचारलं नाही. भावाला विचारलं, तर तो म्हणायचा, माझ्या आईला विचार. आणि त्या आईला विचारायचं धाडस मला झालं नाही."

तितीना आत गेली. पलंगावर मेलेला माणूस होता, निळ्या सुटात, हातात जपमाळ गुंफलेली. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि खाटेचा कठडा धरला. वीतो निजला होता. आत्ताचा साठीचा वीतो नव्हे, अडतीस वर्षांचा वीतो. संध्याकाळच्या बोटीने परत येऊन बूट न काढता आडवा व्हायचा तो. तीच पडलेली हनुवटी, तेच कानाचे मोठे पाळे. तिच्या पोटच्या मुलात तर तिच्या माहेरचा तोंडवळा उतरला होता. मात्तेरांचं खरं रूप इथे या पलंगावर होतं, आणि तेही आज संपणार होतं.

उशाशी बसलेली बाई उठली. बारकी, पांढऱ्या केसांची, हातांना कपडे धुण्याच्या सोड्याने भेगा पडलेल्या. तितीनाने जिन्यात मनात काय काय जुळवून ठेवलं होतं! सवत म्हणजे कशी असेल, रंगवलेली, छातीवर चेन मिरवणारी, आणि आपण तिला काय काय सुनवू. इथे तर एक थकलेली धोबीण उभी होती.

"तू तितीना," कार्मोसीना बसलेल्या आवाजात म्हणाली. "बस. माझ्याजवळ बस."

तितीना बसली. दोघींच्या मधे चार बोटं अंतर राहिलं.

"मला एकच सांग," तितीना म्हणाली. "वीतोला माहीत होतं?"

कार्मोसीनाने तिच्याकडे पाहिलं. पाहतच राहिली. मग तिने मुलाच्या सुटाची बाही नीट केली आणि म्हणाली, "नाही."

"खरं सांग. इथे, याच्यापुढे."

"नाही म्हटलं ना. त्याचं तुझ्याशी ठरलं, तो गेला. मला दिवस गेलेत हे मलाच उशिरा कळलं. मी सांगितलं नाही. मला मान आहे."

"आणि आडनाव? मात्तेरा लावायला बाप जाऊन सही करतो."

"लढाईनंतरचे दिवस ते. माझा मामा कारकून होता. कोण कुणाचे कागद बघत होतं?"

"आणि आन्येल्लो हे नाव? तुला काय पडलं होतं माझ्या सासऱ्याचं? त्याने तुझं तोंड पाहिलं होतं का कधी?"

"नाही पाहिलं." कार्मोसीना पहिल्यांदाच थोडी चिडली. "पण रीत ती रीत. बाप नाही, तर निदान आजोबा तरी असू दे म्हटलं पोराला. टेकू द्यायला काय तुझ्या बेटाची परवानगी लागते?"

तितीनाने श्वास सोडला. कसं सांगू, तिला त्या घटकेला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. वीतोला माहीत नव्हतं! लग्नाआधीची तरुणपणाची चूक, ती कोण करत नाही? सासऱ्याने तिचे हात ओठांना लावले तेव्हा वीतो शेजारी उभा होता, टोपी चुरगाळत, मान खाली घालून. तो लाजून उभा होता, बस. तो काही लपवत नव्हता. तिची चौतीस वर्षं अजून तिचीच होती. तिने मधलं अंतर सोडलं, सरकून कार्मोसीनाच्या खांद्याला खांदा लावला आणि मग मात्र तिला रडू कोसळलं. दोघी रडल्या. बाहेरच्या बायांनीही त्यांच्या सुरात सूर मिळवला.

प्रेतयात्रा चारला निघायची होती. साडेअकराच्या सुमाराला तितीना उठली, डोळे पुसले आणि मुलाला म्हणाली, "फोन कुठे आहे?"

"खाली बेकरीत. कुणाला करतेस?"

"तुझ्या बापाला."

"आई, आज नको. मी घरी येऊन समोरासमोर सांगेन. एकदम ऐकून त्यांना काही झालं तर?"

"पोराला खांदा द्यायला बाप नको? माहीत नव्हतं तोवर ठीक होतं. आता मला माहीत आहे. मग त्यालाही कळायला हवं."

"घाबरतील गं. नाव ऐकून त्यांना वाटेल मीच गेलो."

"वाटू दे," तितीना म्हणाली. "सकाळी मला वाटलंच ना? मग लगेच सांगेन, आपला धडधाकट आहे म्हणून."

ती जिना उतरली. बेकरीवाल्याने हात पुसून फोन पुढे सरकवला आणि मान वळवून पाव मोजायला लागला. तितीनाने नंबर फिरवला. घंटी वाजत राहिली. अंगणातून घरात यायला वीतोला वेळ लागतो, हे तिला ठाऊक होतं. तिने मनात शब्द जुळवले. आधी वाईट सांगायचं, मग तो ओरडला की चांगलं सांगायचं. तो ओरडावा, अशी तिची इच्छा होती. 'माझा आन्येल्लो' म्हणून तो फोनवर फुटला, की मग तिला दुसरं काहीच नको होतं.

"हॅलो," वीतोचा आवाज आला.

"मी आहे. नेपल्सहून."

"सापडला का?"

"वीतो," ती म्हणाली, "आन्येल्लो गेला."

तिकडून काही आवाज नाही. कोंबड्या ऐकू येत होत्या, म्हणजे त्याने दार उघडंच टाकलं होतं. तितीनाने फोन दोन्ही हातांनी कानाला दाबून धरला. तो ओरडला नाही. कसा, कुठे, काय झालं, असंही विचारलं नाही. बऱ्याच वेळाने त्याचा आवाज आला, इतका हळू, की शेजारच्या खोलीत कुणी निजलं असावं.

"कुठला?" त्याने विचारलं.

बेकरीवाल्याने पाव मोजायचं थांबवलं. तितीना भिंतीला टेकली. वर कार्मोसीना तिला खोटं सांगून मुलाच्या उशाशी जाऊन बसली होती. तोंडदेखलं नव्हे, दया म्हणून सांगितलेलं खोटं. वीतोला सगळं माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. सही त्याचीच होती, नाव त्यानेच दिलं होतं. सासरा हातांचे मुके घेत होता तेव्हा टेकू चार वर्षांपूर्वीच देऊन झालेला होता, आणि वीतो शेजारी उभा राहून ते बघत होता.

"तितीना?" फोनमधून पुन्हा आवाज आला. आता तो थरथरत होता. "सांग ना. कुठला?"

"थोरला," तितीना म्हणाली. "साडेबाराची बोट पकड. काळा कोट घालून ये."